निर्यातीचा सल्लागार निवडताना: तज्ज्ञाची कारकीर्द कशी वाचावी

‘निर्यात सल्लागार’ अशी पाटी लावायला भारतात कुठलाही परवाना लागत नाही. चार्टर्ड अकाउंटंटला त्याच्या संस्थेचं सभासदत्व लागतं, वकिलाला बार कौन्सिलची सनद लागते, कस्टम्स ब्रोकरला सीमाशुल्क खात्याचा परवाना लागतो. ‘इंटरनॅशनल ट्रेड एक्स्पर्ट’ किंवा ‘डिजिटल ट्रेड स्ट्रॅटेजिस्ट’ ही बिरुदं मात्र ज्याची त्याने लावून घ्यायची. त्यात बेकायदेशीर काही नाही, पण माणूस पारखायचं काम त्यामुळे आपल्या गळ्यात येतं.

गोव्यात ही पारख जरा जास्तच किचकट. खाणीच्या काळात मुरगाव बंदरात बोटी भरलेले लोक इथे आहेत, वेर्ण्याच्या औषध कंपन्यांतून निवृत्त झालेले आहेत, आयुष्यभर बोटीवर काढून घरी आलेले आहेत. दिल्ली-मुंबईची सरकारी नोकरी संपवून पर्वरीत फ्लॅट घेतलेले अधिकारी आहेत, आणि लॅपटॉप घेऊन आसगाव-शिवोलीत राहायला आलेले डिजिटलवालेही आहेत. यातला प्रत्येक जण आंतरराष्ट्रीय व्यापाराबद्दल अधिकाराने बोलू शकतो. तुमच्या कोकम सोलांच्या पाकिटाबद्दल बोलू शकेलच, याची खात्री नसते.

हा लेख काजूचा छोटा कारखाना चालवणारे, कोकम आगळ करणारे बचतगट, फेणीवाले, खाजेकार आणि बाहेरच्या देशातली कामं घेऊ पाहणारी चार-पाच जणांची सॉफ्टवेअर कंपनी यांच्यासाठी आहे. मोठ्या कंपन्यांकडे यासाठी स्वतंत्र माणसं असतात, त्यांनी हे वाचलं नाही तरी चालेल.

माझं मत आधीच सांगून टाकतो. आंतरराष्ट्रीय व्यापार हा एक विषय नसून सहा-सात वेगवेगळे धंदे आहेत. म्हणून पदवी किती मोठी किंवा पद किती उंच, हे विचारण्याआधी हा माणूस टेबलाच्या कुठल्या बाजूला बसून शिकला, ते विचारावं.

पहिली पायरी: आपली अडचण कागदावर उतरवा

‘आम्हाला एक्स्पोर्ट करायचंय’ ही इच्छा झाली, अडचण नव्हे. अशा वाक्याने सुरुवात केली, की समोरचा त्याला येतं तेच तुम्हाला विकणार.

समजा, सत्तरीतला एक बचतगट आहे. इंग्लंडमध्ये स्विंडनला गोवेकरांची मोठी वस्ती आहे, आणि तिथला एक दुकानदार सोलांची काही पाकिटं घ्यायला तयार झालाय. आता अडचणींचे तुकडे करा. आयईसी, म्हणजे आयात-निर्यातदाराचा क्रमांक, कोणाच्या नावावर काढायचा? गटाचं पॅनकार्ड आहे का? सोलं कुठल्या मंडळाच्या कक्षेत येतात? पाकिटावर तिथल्या नियमाप्रमाणे काय छापावं लागेल? माल पोस्टाने, कुरियरने की मुंबईहून बोटीने? पैसे आधी की नंतर, आणि कुठल्या खात्यात? जीएसटीचं काय?

या यादीपुढे एक रकाना काढा आणि प्रत्येक ओळीसमोर कागद, माल, पैसा, वाहतूक, गिऱ्हाईक, ऑनलाइन यांपैकी एक शब्द लिहा. बहुतेकांच्या यादीत दोनच शब्द परत परत येतात. सल्लागार हवा असतो तो तेवढ्यापुरता. बाकीच्या गोष्टी बँकेचा मॅनेजर किंवा नेहमीचा सीए बसल्या जागी सांगतो.

दुसरी पायरी: तज्ज्ञांची घराणी ओळखा

सगळ्यात वजनदार दिसतात ती धोरण आणि वाटाघाटीच्या घराण्यातली माणसं. वाणिज्य मंत्रालय, विदेश व्यापार महासंचालनालय म्हणजे डीजीएफटी, जिनिव्हातलं भारताचं जागतिक व्यापार संघटनेसाठीचं (डब्ल्यूटीओ) स्थायी मिशन, दिल्लीच्या भारतीय विदेश व्यापार संस्थेतलं (आयआयएफटी) डब्ल्यूटीओ अभ्यास केंद्र अशा जागी त्यांची वर्षं गेलेली असतात. भारतीय व्यापार सेवा नावाची एक स्वतंत्र केंद्रीय सेवाही आहे. तिचे अधिकारी यूपीएससीतून येतात आणि डीजीएफटीत काम करतात. नियम का बदलला, पुढे काय बदलेल, अमुक देशाशी करार झाला तर काजूगरावरच्या शुल्काचं काय होईल, हे त्यांच्याकडून ऐकावं. पण शिपिंग बिल, म्हणजे माल बाहेर पाठवताना कस्टम्सला द्यायचा कागद, भरताना अडलेली ओळ त्यांनी कदाचित कधी पाहिलेलीही नसेल. तो त्यांचा दोष नाही. मंत्रालयाच्या सचिवाकडून कोणी तलाठ्याच्या उताऱ्याची अपेक्षा करत नाही.

‘डब्ल्यूटीओत होतो’ या वाक्याची फोड इथेच करून घेऊ. जागतिक व्यापार संघटना १ जानेवारी १९९५ रोजी सुरू झाली. तिच्या सचिवालयात जेमतेम सहा-साडेसहाशे माणसं आहेत. वाटाघाटी सदस्य देशांची सरकारं करतात, सचिवालय त्यांना मदत करतं. तेव्हा ‘डब्ल्यूटीओत होतो’ म्हणजे सचिवालयात नोकरी, आपल्या देशाच्या मिशनवर नेमणूक, एखाद्या परिषदेला शिष्टमंडळातून हजेरी किंवा नुसता ऑनलाइन अभ्यासक्रम, यांपैकी काहीही असू शकतं. जिनिव्हात डब्ल्यूटीओचा पब्लिक फोरम भरतो. नोंदणी करून कोणीही त्याला जाऊ शकतो, आणि त्यातली बरीच सत्रं बाहेरच्या संस्था आयोजित करतात. ‘डब्ल्यूटीओत भाषण’ ही ओळ दिसली, की कुठल्या सत्रात आणि ते कोणी भरवलं होतं, एवढं विचारावं.

दुसरं घराणं कस्टम्सचं. यात दोन पोटजाती: खात्यातून निवृत्त झालेले अधिकारी आणि कस्टम्स ब्रोकर. ब्रोकरना बाजारात अजूनही सीएचए म्हणतात. ब्रोकरचा परवाना सीमाशुल्क कायदा, १९६२ च्या कलम १४६ खाली मिळतो आणि त्याचे सध्याचे नियम २०१८ चे आहेत. लेखी आणि तोंडी परीक्षा पास झालेल्याला एफ कार्ड मिळतं, खालची परीक्षा पास झालेल्या कर्मचाऱ्याला जी कार्ड, आणि परीक्षा न दिलेल्या मदतनिसाला एच कार्ड. लहान निर्यातदाराच्या बाबतीत मी दहा वर्षं जी कार्डावर काम केलेल्या माणसाला परदेशी विद्यापीठाच्या पदवीधरापेक्षा वर बसवीन. माल कुठे अडतो, हे त्याने पावसात उभं राहून पाहिलेलं असतं.

बँकेच्या ट्रेड फायनान्स खात्यातून आलेल्या माणसाची किंमत आपल्याकडे कमी लावली जाते. लेटर ऑफ क्रेडिट (एलसी) म्हणजे ठरलेले कागद दिले की पैसे देण्याची बँकेची हमी. तिचे यूसीपी ६०० नियम १ जुलै २००७ पासून लागू आहेत. बँक माल बघत नाही, फक्त कागद बघते, हा त्यांचा गाभा. इन्व्हॉइसवरचं मालाचं वर्णन एलसीशी जुळलं नाही, तर माल उत्तम असूनही पैसे लटकतात. अशा चुका ज्याने वर्षानुवर्षं काढल्या, त्याला एलसीचा मसुदा दाखवून तासाभराचे पैसे देणं स्वस्त पडतं.

आता वाहतूक, म्हणजे गोव्याची खास बाब. आपल्याकडे अनेक दशकं निर्यात म्हणजे खनिज आणि खनिज म्हणजेच निर्यात, असं समीकरण होतं. त्यामुळे इथल्या जुन्या जाणत्यांचं ज्ञान बार्ज, स्टिव्हडोअर, डेमरेज आणि हजारो टनांच्या बोटींचं आहे. २०१२ साली खाणी थांबल्या, मग २०१८ साली सर्वोच्च न्यायालयाने ८८ लीजची नूतनीकरणं रद्द केली, आणि यातले बरेच अनुभवी लोक सल्ल्याच्या धंद्यात आले. माणसं हुशार आहेत, पण खनिजाच्या व्यवहारात गिऱ्हाईक एक, माल एक आणि बोट भरून जाणारा. तुमचा माल चाळीस खोके, तीन प्रकारचे, खाण्याचे, मुदत संपणारे, आणि बहुधा मुंबईच्या न्हावा शेवाला जाऊन दुसऱ्यांच्या मालासोबत कंटेनरमध्ये बसणारे. ‘एलसीएल, म्हणजे अशा वाटणीच्या कंटेनरातल्या, कन्साइनमेंट स्वतः किती पाठवल्यात?’ असा नम्र प्रश्न विचारा. उत्तराला वेळ लागला तर समजून घ्या.

बोटीवरच्या माणसांचंही तसंच. जहाजाचा कॅप्टन माल सुखरूप नेणं जाणतो. विक्रीचा करार, दाव्याची मुदत, विम्याचं कलम हे किनाऱ्यावरच्यांचं काम.

गुणवत्ता आणि नियमपालनाचं घराणं वेर्णा-कुंडईच्या औषध कारखान्यांमुळे आपल्याकडे मजबूत आहे. परदेशी तपासनीस येतो तेव्हा नोंदवह्या कशा असाव्यात, बॅच कशी शोधून काढावी, यात या मंडळींचा हात धरणारा नाही. खाद्यपदार्थांचे नियम वेगळे असले तरी शिस्त तीच, म्हणून लेबल, प्रयोगशाळा आणि नोंदींसाठी यांच्याकडे खुशाल जावं. शेवटी राहिले ते खरेदी-विक्रीतले: परदेशी कंपनीसाठी माल उचलणारे, मर्चंडायझर, प्रदर्शनांत स्टॉल लावून बायर जोडलेले. यांना बोलता फार छान येतं. कागदपत्रांत बहुतेक कच्चे असतात, भाव काढण्यात पक्के.

तिसरी पायरी: ‘डिजिटल’ म्हणजे नेमकं काय ते वेगळं काढा

या शब्दाखाली सध्या सगळं खपतं, म्हणून इथे जरा थांबू.

एक गट विकासाच्या क्षेत्रातला. संयुक्त राष्ट्रांची व्यापार-विकास संस्था अंक्टाड (स्थापना १९६४, जिनिव्हा), दूरसंचार संघटना आयटीयू (१८६५ पासूनची), जागतिक बँक आणि त्यांच्या पैशांवर चालणारे प्रकल्प. एखाद्या देशात इंटरनेट, ऑनलाइन पेमेंट, टपाल आणि कायदे ई-कॉमर्ससाठी तयार आहेत की नाहीत, हे ही माणसं तपासतात. अंक्टाड २०१७ पासून देशोदेशींचे असे ई-ट्रेड तयारीचे अहवाल काढत आली आहे. असे अहवाल लिहिलेला माणूस राज्य सरकारला, चेंबरला किंवा विद्यापीठाला फार उपयोगी. तुमचं दुकान ॲमेझॉनवर का चालत नाही, हा त्याचा विषय नव्हे.

दुसरा गट यंत्रणा बांधणाऱ्यांचा. अंक्टाडची असिकुडा ही सीमाशुल्काची संगणकप्रणाली शंभरांहून जास्त देशांत बसवली गेली. भारताची स्वतःची आइसगेट आहे. आधार, यूपीआय आणि ओएनडीसी हे ऑनलाइन खरेदी-विक्रीचं खुलं जाळं उभारणारे इंजिनियर याच जातीचे. तुमच्या सॉफ्टवेअर कंपनीला परदेशी सरकारी काम घ्यायचं असेल, तर यांच्याशी बोला.

तिसरा गट कायद्याचा. डब्ल्यूटीओच्या सदस्यांनी इलेक्ट्रॉनिक ट्रान्समिशनवर सीमाशुल्क न लावण्याचं १९९८ साली ठरवलं. ती सवलत पुढे परिषदेमागून परिषदेत वाढवत नेली, आणि भारताने तिच्यावर सतत प्रश्न उभे केले. युरोपचा जीडीपीआर हा वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा २५ मे २०१८ पासून लागू आहे, आपला डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा २०२३ चा. युरोपातल्या ग्राहकांची माहिती हाताळणाऱ्या पणजीच्या कंपनीला या गटातला वकील लागतो, मार्केटिंगवाला नव्हे.

आणि चौथा गट बाजारपेठेचा: लिस्टिंग, फोटो, जाहिरात, परत आलेला माल, रेटिंग. बचतगटाला बहुधा हाच हवा असतो. स्वतःला डिजिटल ट्रेडचा तज्ज्ञ म्हणवणाऱ्याला सरळ विचारा, या चारांतला तुम्ही कुठला? चारही आहे म्हणणाऱ्याला चहा पाजून निरोप द्यावा.

कारकीर्द नेहमी सरळ रेषेत जात नाही, हेही ध्यानात ठेवा. डब्ल्यूटीओच्या महासंचालक एन्गोझी ओकोंजो-इवेला २०२१ साली पदावर आल्या, तेव्हा मागे जागतिक बँकेतली सुमारे २५ वर्षं आणि नायजेरियाचं अर्थमंत्रिपद दोनदा होतं. त्यांच्या आधीचे रॉबेर्तो अझेवेदो शिक्षणाने इलेक्ट्रिकल इंजिनियर, कामाने ब्राझीलचे मुत्सद्दी. नंदन नीलेकणी आयआयटी मुंबईतून इलेक्ट्रिकल इंजिनियर झाले, इन्फोसिसच्या संस्थापकांत होते आणि २००९ साली आधारसाठी सरकारात गेले. आपल्या माशेलात जन्मलेले डॉ. रघुनाथ माशेलकर तर केमिकल इंजिनियर. पण हळदीच्या जखम भरण्याच्या गुणावर अमेरिकेत दिलेलं पेटंट सीएसआयआर या केंद्राच्या विज्ञान-संशोधन संस्थेने आव्हान देऊन १९९७ साली रद्द करून घेतलं, तेव्हा संस्थेचे महासंचालक तेच होते, आणि पुढे बौद्धिक संपदेवर देश त्यांचं ऐकू लागला. चौघांच्याही वाटेवरची वळणं तारीखवार दिसतात: कुठली संस्था, कधीपासून कधीपर्यंत, काय जबाबदारी. तुमच्या सल्लागाराचं वळण एवढं मोठं असायला नको, पण तितकंच स्पष्ट असावं.

चौथी पायरी: परिचयपत्र ओळीगणिक वाचा

हातात पेन्सिल घ्या आणि प्रत्येक ओळीतल्या क्रियापदाखाली रेघ मारा. ‘सांभाळलं’, ‘मंजूर केलं’, ‘पाठवलं’, ‘वसूल केलं’ ही कामाची क्रियापदं. ‘संलग्न होते’, ‘योगदान दिलं’, ‘मार्गदर्शन केलं’, ‘सहभाग घेतला’ ही धुक्याची. धुकं थोडं असतंच, पण सगळ्या पानावर धुकंच असेल तर काम शोधत बसू नका.

मग वर्षं पाहा. ‘वीस वर्षांचा अनुभव’ असं लिहिलंय, पण कुठे किती ते नाही, तर बेरीज करून मागा. व्यापाराचे नियम वेगाने बदलतात. सध्याचं विदेश व्यापार धोरण १ एप्रिल २०२३ पासूनचं आहे, जीएसटी २०१७ चा. त्याआधी निवृत्त झालेल्याचा अनुभव वाया जात नाही, पण त्यानंतर त्याने स्वतः किती फाइली केल्या, हे विचारायला हवं.

संयुक्त राष्ट्रांच्या नोकरीची ओळ असेल तर तिथला दर्जा विचारा. व्यावसायिक पदं पी-१ पासून पी-५ पर्यंत आणि वर डी-१, डी-२ अशी चढतात. सचिवालयाच्या नेहमीच्या अटींप्रमाणे पी-३ ला पाच, पी-४ ला सात, पी-५ ला दहा आणि डी-१ ला पंधरा वर्षांचा अनुभव लागतो. कन्सल्टंट हा याहून वेगळा प्रकार. तो ठरावीक कामापुरता, ठरावीक मुदतीचा करार असतो आणि तो माणूस संस्थेचा कर्मचारी धरला जात नाही. तीन महिन्यांचा करार करणं कमीपणाचं नाही, पण पत्रिकेवर ‘यूएन’ एवढंच छापून उरलेलं गाळणं बरं नव्हे.

लघुरूपांचंही विचारून घ्या. ‘आयटीसीचा अनुभव’ म्हणजे जिनिव्हाचं इंटरनॅशनल ट्रेड सेंटर, सिगारेट-हॉटेलवाली कंपनी, की जीएसटीतलं इनपुट टॅक्स क्रेडिट? तिन्ही अनुभव प्रामाणिक असू शकतात.

प्रमाणपत्रांच्या रांगेने दबून जाऊ नका. डब्ल्यूटीओ आणि इंटरनॅशनल ट्रेड सेंटर यांचे ऑनलाइन अभ्यासक्रम चांगले आहेत आणि मोफत मिळतात. तुमची बारावी झालेली मुलगीही सुट्टीत ते करू शकेल, तिने करावेतही. त्याने माणूस शिकलेला ठरतो, अनुभवी नाही. आणि ‘डब्ल्यूटीओ सर्टिफाइड कन्सल्टंट’ अशी काही पदवी नाही.

पाचवी पायरी: पडताळणी

यातलं बरंचसं फुकट आणि घरबसल्या होतं. सल्लागार स्वतः निर्यातदार होता म्हणत असेल, तर त्याच्या फर्मचा आयईसी क्रमांक घ्या. डीजीएफटीच्या संकेतस्थळावर क्रमांक आणि फर्मचं नाव घातलं, की तो चालू आहे का ते दिसतं. जीएसटी क्रमांक पोर्टलवर तपासता येतो, कंपनी असेल तर कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या पोर्टलवर तिची मूळ माहिती मिळते. सीएने दिलेल्या दाखल्यावर अठरा अंकी यूडीआयएन असतो, तो त्यांच्या संस्थेच्या पोर्टलवर कोणीही पडताळू शकतो. वकील आमच्याकडचे महाराष्ट्र आणि गोवा बार कौन्सिलखाली येतात. ब्रोकर असेल तर परवान्याचा क्रमांक आणि कार्ड बघायला मागा. खरा ब्रोकर रागावत नाही, कारण नियमाने तोही तुमचा आयईसी, जीएसटी आणि पत्ता तपासायला बांधलेला असतो.

मग दोन जुन्या गिऱ्हाइकांशी बोलणं मागा, आणि त्यातला एक तरी तुमच्याच मालातला असू द्या. ‘माणूस चांगला आहे का?’ असं विचारू नका, सगळे हो म्हणतात. पहिला माल जायला किती काळ लागला, मध्ये काय अडलं, अडलं तेव्हा फोन उचलला का, आणि पैसे आल्याचं प्रमाणपत्र, म्हणजे ई-बीआरसी, निघालं का, हे विचारा. शेवटच्या प्रश्नाला हो आलं तरच ती निर्यात पुरी झाली म्हणायची.

सहावी पायरी: बोलताना विचारायचे प्रश्न

परीक्षा घेतोय असं भासवायचं नाही, गप्पांच्या ओघात सोडायचे. उत्तरं मी सोबत देतो, म्हणजे तुम्हाला अंदाज येईल.

‘आमच्या कोकमाला कुठली नोंदणी लागेल?’ घाईत ‘अपेडा’, म्हणजे शेतमालाच्या निर्यातीची केंद्रीय संस्था, असं उत्तर येण्याची शक्यता बरीच. कोकम मसाला मंडळाच्या यादीत आहे, आणि त्या यादीतल्या मालाच्या निर्यातीला मंडळाचं निर्यातदार नोंदणी प्रमाणपत्र लागतं. खोल्याची मिरची बाहेर पाठवायची तर तेच मंडळ, मासळी असेल तर एमपेडा, म्हणजे सागरी उत्पादनांची निर्यात संस्था. जाणकार माणूस आधी विचारतो, सोलं की आगळ की साखर घातलेलं सरबत? कारण माल बदलला की एचएस कोड, म्हणजे मालाच्या वर्गवारीचा क्रमांक, बदलतो. या कोडचे पहिले सहा अंक जगभर सारखे, पुढचे त्या त्या देशाचे. आपल्याकडे एकूण आठ.

‘विमानाने पाठवणार, मग कोटेशन एफओबी देऊ ना?’ इन्कोटर्म्स म्हणजे खर्च आणि जोखीम विकणाऱ्याकडून घेणाऱ्याकडे कुठे जाते ते ठरवणाऱ्या विक्रीच्या अटी. इन्कोटर्म्स २०२० मध्ये त्या एकूण ११ आहेत आणि एफओबी (माल बोटीवर चढवून देणं) ही त्यातली फक्त जलवाहतुकीची. विमानाला एफसीए (माल वाहतूकदाराच्या ताब्यात देणं) योग्य. खरा जाणकार पुढे असंही सांगेल, की शिपिंग बिलावर एफओबी किंमत दाखवावी लागते ती गोष्ट वेगळी, तिथे गोंधळू नका.

‘अमेरिकेचं एफडीए सर्टिफिकेट काढून द्याल का?’ एफडीए म्हणजे तिथलं अन्न-औषध खातं. इथे बरेच जण घसरतात. अमेरिकेला खाद्यपदार्थ पाठवायचे तर कारखान्याची नोंदणी एफडीएकडे करावी लागते, पण एफडीए त्या नोंदणीचं प्रमाणपत्र देतच नाही. भिंतीवर टांगायला मिळतं ते कुठल्यातरी खासगी एजंटाने छापलेलं. तरीही सोनेरी शिक्क्याचं प्रमाणपत्र देतो म्हणाला, तर संभाषण आवरतं घ्या.

‘फेणीला जीआय आहे, म्हणजे परदेशात कोणी ते नाव वापरू शकणार नाही ना?’ फेणीला भौगोलिक मानांकन २००९ साली मिळालं. ते भारतापुरतं. दुसऱ्या देशात संरक्षण हवं तर तिथल्या कायद्याने वेगळं मिळवावं लागतं. शिवाय भारतातही अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंद व्हावी लागते, हे जो आपणहून सांगेल त्याला गुण वाढवून द्या.

‘जीएसटी भरून पाठवू की न भरता?’ दोन्ही वाटा आहेत. कर न भरता पाठवायचं तर दर आर्थिक वर्षासाठी लेटर ऑफ अंडरटेकिंग, म्हणजे हमीपत्र, ऑनलाइन द्यावं लागतं. ते एप्रिलमध्येच भरून टाका असं जो म्हणेल, त्याने हे काम हाताने केलंय.

एखाद्या प्रश्नाला ‘हे मला बघून सांगावं लागेल’ असं उत्तर आलं तर ते चांगलं लक्षण. दोन दिवसांनी खरंच सांगतो का, तेवढं बघायचं.

सातवी पायरी: काम देताना काय हातात ठेवायचं

कागदावर चार ओळींत काम लिहा: काय करून देणार, कधीपर्यंत, कागद कोणते हाती येणार, पैसे कुठल्या टप्प्याला किती. आयईसी काढण्याची सरकारी फी ५०० रुपये आहे. त्यावर तो मागतो ती त्याची मजुरी, आणि मजुरी घेणं वाजवीच. फक्त दोन आकडे वेगवेगळे लिहून घ्या. ड्रॉबॅक किंवा रोडटेप या, निर्यातदाराला कर-शुल्क परत देणाऱ्या सरकारी योजनांच्या लाभात टक्केवारी मागणाऱ्यापेक्षा कामाचे ठरलेले पैसे मागणारा परवडतो. टक्केवारीवाल्याला आकडा फुगवण्याचा मोह होतो, आणि चौकशी झाली तर नोटीस तुमच्या नावाने येते.

आयईसीच्या नोंदीत मोबाइल आणि ईमेल तुमचेच हवेत. एजंटाचा नंबर घालून दिलेल्या नोंदी गावोगाव सापडतात. मग दरवर्षी एप्रिल ते जून या काळात माहिती अद्ययावत करायची वेळ आली, की ओटीपी त्याच्या फोनवर जातो आणि तो फोन उचलत नाही. अद्ययावत केलं नाही तर आयईसी निष्क्रिय होतो. डिजिटल सही, वेबसाइटचं डोमेन, मार्केटप्लेसचं विक्रेता खातं, जाहिरातीचं खातं हे सगळं फर्मच्या नावावर ठेवा आणि सल्लागाराला फक्त हाताळायची परवानगी द्या. डिजिटलवाल्यांच्या बाबतीत तर हे अगदी पहिल्या दिवशी. वर्षभर कमावलेली परीक्षणं आणि गिऱ्हाइकांची यादी दुसऱ्याच्या खात्यात राहिली, तर सोडवणं जिकिरीचं होतं.

आपला आयईसी ‘एका शिपमेंटपुरता’ कोणी मागितला तर देऊ नका, मागणारा कितीही जवळचा असो. त्या क्रमांकावर गेलेल्या मालाचा जाब तुम्हालाच विचारला जातो.

पैसे खर्च करण्याआधी ठोठवायची दारं

डीजीएफटीचं कार्यालय पणजीत आहे. मदतकक्ष आणि ट्रेड कनेक्ट हे २०२४ साली सुरू झालेलं पोर्टल नवख्यांसाठीच आहे. गोवा चेंबर १९०८ सालचं, पोर्तुगीज अमदानीतलं. तिथे तुमच्याच मालातला कोणी भेटला तर अर्धी यादी तिथेच संपते. निर्यातदारांचा महासंघ फिओ १९६५ पासून आहे. कुठला देश तुमच्या एचएस कोडचा माल किती घेतो, हे इंटरनॅशनल ट्रेड सेंटरच्या ट्रेड मॅपवर बघता येतं. सल्लागार बाजारपेठेच्या अहवालाचे पैसे मागत असेल, तर आधी हे उघडून बघा, कारण बरेचसे अहवाल याच आकड्यांवर रंग चढवून तयार होतात. लहान पाकिटांसाठी टपाल खात्याच्या डाक निर्यात केंद्रात चौकशी करा. स्विंडनच्या दुकानदाराला नमुने पाठवायचे असतील, तर सत्तरीच्या गटाला कदाचित तेवढंच पुरेल.

घरातल्या एखाद्या मुलाने किंवा मुलीने हेच क्षेत्र धरायचं म्हटलं, तर वेर्ण्याच्या एखाद्या कारखान्याच्या एक्स्पोर्ट खात्यात किंवा वास्कोच्या ब्रोकरकडे सुरुवातीची दोन वर्षं घालवायला सांगा. आयआयएफटी, यूपीएससी, जिनिव्हा हे त्यानंतरही जमतं, आणि मुलाखतीत सांगायला खऱ्या फाइली असतात.

सल्लागार ठरला, की पहिली खेप मुद्दाम लहान पाठवा आणि ती गेल्यावर कागद मोजून घ्या: इन्व्हॉइस, पॅकिंग लिस्ट, शिपिंग बिल किंवा टपालाचं निर्यात बिल, बिल ऑफ लेडिंग किंवा एअरवे बिल, मंडळाचं प्रमाणपत्र, पैसे आल्यावर ई-बीआरसी. सहाही कागदांच्या प्रती तुमच्या कपाटात आल्याशिवाय शेवटचा हप्ता देऊ नका, आणि दुसऱ्या खेपेचं बोलणंही सुरू करू नका.